दिवाणी न्यायालयाची डिक्री अंगावर असताना : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्नकर्त्यांची हकिगत थोडक्यात अशी आहे. लोअर परळच्या एका गाळ्यात त्यांचा छपाईचा व्यवसाय होता आणि कागद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची बिले थकली होती. व्यापाऱ्याने २०२० साली मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात व्यापारी वाद म्हणून संक्षिप्त (लवकर निकाली निघणारा) दावा लावला. २०२३ मध्ये ९ लाख रुपये आणि त्यावर दाव्याच्या तारखेपासून वसुलीपर्यंत दरसाल १२ टक्के सरळ व्याज अशी डिक्री (न्यायालयाचा हुकूमनामा) झाली. गाळा तोवर बंद पडला होता, त्यामुळे समन्स आपल्या हातात पडलेच नाही असे त्यांचे म्हणणे आहे. डिक्रीनंतर त्यांनी व्यापाऱ्याच्या भावाला २ लाख रुपये रोख दिले, पण पावती घेतली नाही. आता बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन मुलुंडच्या घरी येऊन गेला आहे. प्रश्नकर्ते सध्या एका खासगी कंपनीत दरमहा ४६,००० रुपये पगारावर आहेत. मुलुंडचा फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर असून त्यावर बँकेचे कर्ज चालू आहे, आणि गिरगावातली पागडीची (ठोक रक्कम देऊन भाड्याने घेतलेली) खोली वडिलांच्या पश्चात त्यांच्या नावावर झाली आहे. तुरुंगात जावे लागेल का, घर आणि पगार वाचेल का, फ्लॅटचे बक्षीसपत्र पत्नीच्या नावे करून ठेवावे का, आणि हे देणे उद्या मुलाच्या डोक्यावर येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अंमलबजावणीच्या कामात ऋणकोचे (देणे असलेल्याचे) सर्वांत जास्त नुकसान ती ठाऊक नसल्यामुळे होते. डिक्री झाल्यावर ‘माझे खरोखर इतके देणे होते का’ हा प्रश्न अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयापुढे उरत नाही. दरखास्तीचे (अंमलबजावणीच्या अर्जाचे) न्यायालय डिक्रीच्या मागे जाऊ शकत नाही. मालाचा दर्जा खराब होता, बिले फुगवलेली होती, भागीदारानेच पैसे बुडवले, असे जे काही सांगायचे होते ते दाव्यात सांगायला हवे होते. यापुढे न्यायालय एवढेच पाहणार की डिक्रीपैकी किती रक्कम वसूल झाली, उरलेली कोणत्या मालमत्तेतून होईल, आणि जी वसुली झाली असे तुम्ही म्हणता ती त्याच्या अभिलेखावर आली आहे का.

या शेवटच्या मुद्द्यावर तुमचे २ लाख रुपये अडकले आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१, नियम १ मध्ये डिक्रीचे पैसे कसे द्यायचे ते सांगितले आहे. रक्कम न्यायालयात भरावी, किंवा डिक्रीदाराला (ज्याच्या बाजूने डिक्री झाली त्याला, येथे त्या व्यापाऱ्याला) मनीऑर्डरने, बँकेमार्फत अथवा लेखी पुरावा राहील अशा अन्य रीतीने द्यावी, असा तो नियम आहे. (यापुढे कायद्याचे किंवा आदेशाचे नाव न देता आलेली कलमे याच संहितेची आणि नियम आदेश २१ चे समजावेत.) नियम २ प्रमाणे न्यायालयाबाहेर दिलेल्या रकमेची नोंद न्यायालयात करून घ्यावी लागते. डिक्रीदाराने स्वतः तसे कळवले तर उत्तमच. नाही कळवले तर ऋणकोने अर्ज करायचा असतो आणि त्याची मुदत रक्कम दिल्यापासून अवघी ३० दिवस आहे. अशी नोंद झालेली नसेल तर अंमलबजावणी करणारे न्यायालय त्या रकमेची दखल घेऊच शकत नाही. अनेकांना वाटते की उशीर माफ करून घेता येईल. परंतु मुदत कायदा, १९६३ च्या ज्या कलम ५ खाली एरवी विलंब माफ होतो, त्यातूनच आदेश २१ खालचे अर्ज वगळलेले आहेत. म्हणजे ३० दिवस उलटले की आजारपण, गावी जाणे, वकिलांचा निष्काळजीपणा यांपैकी कोणतेही कारण कामी येत नाही.

तरीही तुमच्याकडे दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. डिक्रीदाराला न्यायालयात हजर राहून ही रक्कम मिळाल्याचे मान्य करायला लावता आले, म्हणजे त्याच्याकडून तशी पुरसिस (लेखी निवेदन) दाखल झाली, तर प्रश्न मिटतो. तडजोडीची बोलणी सुरू होतील तेव्हा हे २ लाख पहिल्याच वाक्यात यायला हवेत ते यासाठीच. दुसरे म्हणजे त्या भावाबरोबरचे व्हॉट्सॲप संदेश, बँकेतून रक्कम काढल्याची नोंद असे जे काही असेल ते जपून ठेवा. वेगळा दावा लावून ती रक्कम परत मागण्याचा मार्ग अशा पुराव्यावरच उभा राहतो, मात्र असा दावा लावला म्हणून दरखास्त थांबत नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, तेव्हा घेणारा ती सहजासहजी कबूल करील अशी आशा फार धरू नये. यापुढचा प्रत्येक रुपया एकतर न्यायालयात भरावा, नाहीतर डिक्रीदाराच्या स्वतःच्या खात्यात बँकेमार्फत जावा. त्याचा भाऊ, मुनीम किंवा वसुलीवाला यांच्या हातात काहीही देऊ नये.

व्याजाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. ९ लाखांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार, महिन्याला ९,००० रुपये. दाव्यापासून पाच वर्षे धरली तरी व्याजच ५ लाख ४० हजार होते. सर्वसाधारणपणे डिक्रीनंतरचे व्याज कलम ३४ प्रमाणे दरसाल ६ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, पण व्यापारी व्यवहारात ही मर्यादा ओलांडता येते आणि तुमच्या बाबतीत ती ओलांडली गेली आहे. शिवाय डिक्रीत वेगळे काही म्हटले नसेल तर भरलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चाकडे वळते, मग मुद्दलाकडे. त्यामुळे दरमहा ५,००० रुपये भरून आपण कर्ज फेडत आहोत असे समजणारा माणूस प्रत्यक्षात महिन्याचे व्याजही भरून काढत नाही. रक्कम न्यायालयात भरून डिक्रीदाराला रीतसर सूचना दिली तर तेवढ्या रकमेवरचे व्याज त्या सूचनेच्या तारखेपासून थांबते. हातात थोडी रक्कम असेल तर ती ‘तडजोड होईल तेव्हा एकदम देऊ’ म्हणून बचत खात्यात ठेवण्यापेक्षा न्यायालयात भरणे बहुधा फायद्याचे ठरते.

डिक्री बारा वर्षांपर्यंत अंमलात आणता येते. डिक्रीदार गप्प बसला आहे म्हणजे प्रकरण संपले असे समजणारे पुष्कळ असतात. त्या शांततेत व्याज मात्र वाढत असते. डिक्रीला दोन वर्षे होण्याच्या आत दरखास्त दाखल झाली तर मालमत्तेच्या जप्तीपूर्वी ऋणकोला नोटीस देण्याचे बंधन सहसा नसते, म्हणूनच तुमच्याकडे बेलिफ अचानक आला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राहुल एस. शाह विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या प्रकरणात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचे निर्देश दिले आहेत. प्रत्यक्षात सगळीकडे तसे घडते असे नाही, पण तारखांवर तारखा मिळतच राहतील या भरवशावर राहणेही आता शहाणपणाचे नाही.

समन्स मिळाले नव्हते, हा मुद्दा मी बाजूला सारत नाही. संक्षिप्त दाव्यातील डिक्री रद्द करून घेण्यासाठी आदेश ३७, नियम ४ खाली अर्ज करता येतो, पण तेथे ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते. नुसते समन्स पोहोचले नाही एवढे सांगून बहुधा भागत नाही. दाव्याला प्रथमदर्शनी टिकेल असा बचाव होता हेही त्याच अर्जात, कागदपत्रांसह मांडावे लागते. बंद गाळ्याच्या दारावर समन्स चिकटवले गेले असेल तर तो बेलिफचा अहवाल दाव्याच्या कागदपत्रांत असतोच. त्याची प्रमाणित प्रत आधी काढा. मात्र डिक्रीनंतर तुम्ही २ लाख रुपये दिले आहेत. याचा अर्थ त्या दिवशी तुम्हाला डिक्री ठाऊक होती, आणि त्यानंतर अर्ज करायला का थांबलात याचे उत्तर न्यायाधीश विचारणारच. तुमच्या हकिगतीत खरा बचाव मला दिसत नाही. बिलांतल्या मालाबद्दल तुम्ही त्या वेळी लेखी तक्रार केलेली नसेल तर या अर्जावर पैसा आणि वेळ घालवण्यापेक्षा तो तडजोडीवर घालवावा, असे माझे मत आहे. अपिलाची ६० दिवसांची मुदत उलटून गेली आहे. विलंब माफ होऊन अपील दाखल झाले तरी नुसत्या अपिलाने अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही आणि पैशाच्या डिक्रीत स्थगितीसाठी रक्कम भरण्याची अट सामान्यतः घातली जाते.

आता तुरुंगाविषयी. पोलिसांचा या कामाशी सरळ संबंध नाही. डिक्रीच्या नावाखाली कोणी ‘पोलिसांत देतो’ असे म्हणत असेल तर ती धमकी समजावी. (धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी स्वरूपाचा असतो आणि तो स्वतंत्र चालतो, तसा खटला तुमच्यावर असेल तर ते वेगळे प्रकरण आहे.) दिवाणी तुरुंगवासाची तरतूद कायद्यात आहे, परंतु केवळ पैसे नाहीत म्हणून कोणालाही आत टाकता येत नाही. कलम ५१ च्या परंतुकानुसार ऋणको पळून जाण्याच्या बेतात आहे, किंवा दावा दाखल झाल्यानंतर त्याने मालमत्ता अप्रामाणिकपणे हस्तांतरित केली किंवा दडवली आहे, किंवा डिक्रीनंतर फेडण्याची ऐपत असूनही तो फेडत नाही, अशा बाबींविषयी न्यायालयाची लेखी कारणांसह खात्री व्हावी लागते. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब घटनेच्या अनुच्छेद २१ शी (जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी) जोडून ठामपणे सांगितली. प्रथम ‘तुम्हाला दिवाणी तुरुंगात का पाठवू नये’ अशी कारणे दाखवा नोटीस सहसा निघते. तिला उत्तर न देता गैरहजर राहिलात तरच डिक्रीदार मागेल तेव्हा वॉरंट निघते, आणि बहुतेक अटका अशाच ओढवून घेतलेल्या असतात. ५,००० रुपयांहून अधिक रकमेच्या डिक्रीत कमाल मुदत तीन महिन्यांची आहे, स्त्रियांना पैशाच्या डिक्रीत अटक करताच येत नाही, आणि कैद्याच्या निर्वाह भत्त्याचा खर्च डिक्रीदाराला सोसावा लागतो, त्यामुळे तोही हा मार्ग शेवटी धरतो. आत जाऊन आले म्हणून कर्ज मात्र फिटत नाही.

यापेक्षा तुमच्या दाराशी लवकर येणारी गोष्ट म्हणजे मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र. आदेश २१, नियम ४१ खाली डिक्रीदाराच्या अर्जावरून न्यायालय तुम्हाला सर्व मालमत्तेचा तपशील शपथेवर द्यायला सांगू शकते, आणि तो आदेश पाळला नाही तर त्यासाठीच तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. येथे बँक खाती, मुदत ठेवी, शेअर, दुचाकी, गावची जमीन, सगळे खरे लिहावे. खोटे प्रतिज्ञापत्र पुढे उघडकीला आले तर आधी नसलेला अप्रामाणिकपणाचा पुरावा तुम्हीच डिक्रीदाराच्या हाती देता.

म्हणूनच पत्नीच्या नावे बक्षीसपत्र करू नका. महाराष्ट्रात पती-पत्नींमधील राहत्या घराच्या बक्षीसपत्राला नाममात्र मुद्रांकशुल्क लागते, त्यामुळे हा उपाय स्वस्त वाटतो आणि कोणीतरी ओळखीचा एजंट तो सुचवतोच. जप्तीच्या आदेशानंतर केलेले खासगी हस्तांतरण कलम ६४ प्रमाणे डिक्रीदाराच्या विरुद्ध निरर्थक असते. जप्तीपूर्वी पण धनकोंना चुकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येते. आणि आत्ताच सांगितले तसे, हेच बक्षीसपत्र तुम्हाला तुरुंगात पाठवण्याचे कारण ठरू शकते.

फ्लॅट मात्र सहजासहजी जाईल असे नाही. ‘राहते घर जप्त होत नाही’ असे बरेच जण सांगतात. तसा संरक्षणाचा खंड पंजाबमध्ये राज्य दुरुस्तीने आला, महाराष्ट्रात तो नाही. येथे शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या स्वतःच्या राहत्या घराला संरक्षण आहे, नोकरदाराच्या फ्लॅटला नाही. पण जप्ती येते ती फक्त तुमच्या हिश्श्यावर. पत्नीने तिच्या हिश्श्याबद्दल नियम ५८ खाली हरकत घ्यावी आणि तिने भरलेल्या हप्त्यांचे पुरावे जोडावेत. बँकेचा गहाणहक्क डिक्रीदाराच्या आधी येतो, म्हणून गहाण आणि अर्धा हिस्सा वजा केल्यावर लिलावात विकण्याजोगे काय उरते याचे गणित डिक्रीदाराचे वकीलही करतात, आणि तडजोडीच्या टेबलावर हा तुमचा सर्वांत मोठा आधार असतो. लिलावाची वेळ आलीच तर फक्त डिक्री फिटण्यापुरतीच मालमत्ता विकावी असा नियम ६४ आहे. नियम ८३ खाली लिलाव पुढे ढकलून खासगी विक्रीतून किंवा गहाणातून पैसे उभे करण्याची परवानगी मागता येते; लिलावात येणाऱ्या किमतीपेक्षा खासगी विक्रीत जास्त मिळते, हे मुंबईत वेगळे सांगायला नको. लिलाव होऊन गेल्यावरही विक्रीच्या तारखेपासून ६० दिवसांत लिलावाच्या घोषणेतील रक्कम आणि खरेदीदारासाठी विक्रीकिमतीच्या ५ टक्के भरले तर नियम ८९ खाली विक्री रद्द होते. येथेही विलंबाला माफी नाही.

गिरगावच्या खोलीबद्दल निश्चिंत राहा. भाडे नियंत्रण कायद्याखालील निवासी इमारतीतील भाडेकरूचा हक्क कलम ६० च्या खंड (केसी) खाली जप्त करता येत नाही. ती खोली तुम्ही स्वतः मालकाच्या संमतीने विकून पागडीची रक्कम घेतलीत तर हातात आलेल्या पैशाला मात्र हे संरक्षण उरत नाही.

पगाराचे गणित सरळ आहे. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही. तुमच्या ४६,००० मधून १,००० वजा जाता ४५,००० उरतात, त्यांचे ३०,००० संरक्षित. म्हणजे जास्तीत जास्त १५,००० रुपये दरमहा कंपनीकडून परस्पर न्यायालयात जातील. अशी जप्ती एकूण २४ महिने चालली की पुढचे १२ महिने पगाराला हात लावता येत नाही, आणि जप्ती एकाच डिक्रीखाली झाली असेल तर त्या डिक्रीसाठी पगार कायमचा मोकळा होतो. २४ महिन्यांत जाणारे ३ लाख ६० हजार रुपये व्याजातच जिरतील. भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा पॉलिसीचे पैसे, घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे स्त्रीने अंगावरून काढू नये असे दागिने, यांना संरक्षण आहे. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी मुदत ठेवीत ठेवली तरी संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले आहे. बँक खाते गोठवले गेल्यास त्यातील कोणती रक्कम यांपैकी आहे हे दाखवणारा अर्ज लगेच द्या. बँक स्वतःहून वेगळी काढत नाही.

बेलिफ पुन्हा आला तर त्याच्याशी वाद घालू नका. वॉरंटवरील दरखास्तीचा क्रमांक, रक्कम आणि परत करण्याची तारीख लिहून घ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्याला घरात शिरता येत नाही. जप्तीच्या यादीवर सही करण्यापूर्वी पत्नीच्या किंवा मुलाच्या मालकीच्या वस्तू तशा नोंदवून घ्या. दरखास्त फोर्टच्या न्यायालयात आहे की दिंडोशीला, आणि पुढची तारीख कोणती, हे ई-कोर्ट्सवर पाहून त्या तारखेला वकीलपत्रासह हजर व्हा.

हप्ते बांधून मिळणे डिक्री होताना सोपे असते. नंतरच्या अर्जाला डिक्रीच्या तारखेपासून ३० दिवसांचीच मुदत आहे आणि तुमची ती गेली. आता हप्ते मिळायचे ते डिक्रीदाराच्या संमतीनेच, म्हणजे संमतीच्या अटी लिहून, दोघांच्या सह्यांनी न्यायालयात दाखल करून. माझ्या अनुभवात एकरकमी मोठा पहिला हप्ता देऊ शकणाऱ्याला व्याजात बरीच सूट मिळते, नुसत्या आश्वासनांना नाही. अटींमध्ये आधी दिलेले २ लाख मान्य झाल्याचे, व्याज कोणत्या तारखेपासून थांबेल याचे, आणि एखादा हप्ता चुकल्यास काय होईल याचे स्पष्ट कलम हवे. शेवटचा हप्ता गेल्यावर डिक्री पूर्ण फिटल्याची नोंद करून तिची प्रमाणित प्रत घ्या. ही तडजोड लोक अदालतीतही नोंदवता येते.

काहीच उभे राहत नसेल तर दिवाळखोरीचा मार्ग आहे. मुंबई शहरात व्यक्तींसाठी अजूनही १९०९ चा प्रेसिडेन्सी-टाउन्स दिवाळखोरी कायदा लागू असून अर्ज उच्च न्यायालयात होतो. नोकरी आणि फ्लॅट असलेल्या माणसाला मी तो सहसा सुचवत नाही, कारण मालमत्ता अधिकृत अभिहस्तांकितीकडे (दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाते. उलट बाजूने, डिक्रीदारही डिक्रीच्या जोरावर दिवाळखोरीची नोटीस बजावू शकतो. ती आली तर दिलेल्या मुदतीत उत्तर देणे चुकवू नका, कारण नोटीस न पाळणे हेच दिवाळखोरीचे कृत्य ठरते.

मुलाबद्दल विचारलेत. तुमच्या हयातीत त्याच्या पगारावर किंवा त्याच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर ही डिक्री चालणार नाही. हिंदू मुलावर बापाचे कर्ज फेडण्याचे जे धार्मिक कर्तव्य धरले जाई, ते हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या कर्जांसाठी संपले आहे. तुमच्या पश्चात डिक्री वारसांविरुद्ध चालवता येईल, पण तुमच्याकडून त्यांच्या हाती आलेल्या आणि रीतसर खर्च न झालेल्या मालमत्तेपुरतीच, आणि त्यासाठी नियम २२ खाली त्यांना आधी नोटीस द्यावी लागेल. ती नोटीस आल्यावर वारसांनी काय मिळाले आणि त्यातून काय खर्च झाले याचा हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. तो दिला नाही तर मिळालेल्या मालमत्तेइतकी जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेवर येऊ शकते.